ही लाईन कुणाची?

लोक विचारतात, तुम्ही आयुष्यभर काय केलंत? मी सांगतो, रस्त्याखालचं हलवलं. समोरचा हसतो, त्याला वाटतं मी विनोद केला. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे रस्ते रुंद झाले, त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांवर माझं काम खरोखर तेवढंच होतं. रस्ता रुंद करायचा म्हणजे त्याच्या कडेला आणि पोटात जे काही आहे ते आधी उचलून दुसरीकडे न्यावं लागतं. पाण्याच्या लाईनी, विजेचे खांब, टेलिफोनच्या केबली, गटारं, सगळंच. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या खात्याची, आणि कुठल्याच खात्याला दुसऱ्याचं तोंड बघायचं नसतं. या सगळ्यांना एका दिवशी एकाच खड्ड्याभोवती उभं करणारा माणूस लागतो. तो माणूस मी होतो. माझ्या सासुरवाडीत मला 'खड्डेवाले जावई' म्हणत आणि मीही ते कधी मनावर घेतलं नाही.

हे हलवाहलवीचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. नकाशा बघायचा आणि खणायचं, असं. आता नकाशाचं ऐका. पाण्याच्या लाईनचा नकाशा मागितला की पहिलं उत्तर यायचं, तो जुन्या ऑफिसात राहिला. दुसऱ्या खेपेला नकाशा मिळायचा, त्यात लाईन रस्त्याच्या डाव्या बाजूला दाखवलेली असायची. आपण डाव्या बाजूला खणायचं आणि उजव्या बाजूला काम करणाऱ्या मुकादमाच्या पहारीखालून कारंजं उडायचं. म्हणून आम्ही नकाशावर विसंबत नसू. ठिकठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यायचे, त्यात जे सापडेल ते उघडं ठेवायचं आणि मग सगळ्या खात्यांच्या साहेबांना बोलवायचं. याला म्हणायचं संयुक्त पाहणी. साहेब लोक खड्ड्याच्या काठावर रुमाल नाकाला लावून उभे राहणार, मी खाली उतरून पाईपवर हात ठेवणार आणि वर बघून विचारणार, "ही लाईन कुणाची?"

आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालायचा. जो "माझी" म्हणेल, त्याच्या लाईनवर रंगाचा पट्टा ओढायचा आणि ती हलवायच्या कामात धरायची. कुणीच "माझी" म्हटलं नाही तर तिच्यावर पांढरी फुली. पांढरी फुली म्हणजे मेलेली लाईन. एकदा फुली पडली की खोदणाऱ्या मशीनवाला कुणाला विचारायला येत नाही.

आता यात गंमत अशी की "माझी" म्हणायला सहसा कुणी तयार नसतं. माझी म्हटलं की शटडाऊन घ्या, म्हणजे पुरवठा बंद ठेवा, माणसं द्या, कागद रंगवा. डोंबिवलीत औद्योगिक वसाहतीच्या अंगाला आम्हाला एकदा एक पाईप सापडला, त्यातून सकाळी गुलाबी पाणी यायचं आणि दुपारी हिरवं. आसपासच्या सगळ्या कारखान्यांची माणसं बोलावली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. एक मॅनेजर तर पाईपकडे इतक्या कौतुकाने बघत होता, जणू असलं काही जगात असतं हे त्याला त्या दिवशीच कळलं. मी फुली मारली. पुढच्या आठवड्यापासून पाणी यायचं आपोआप बंद झालं आणि तोच मॅनेजर नव्या गटाराची जागा बघायला आमच्या ऑफिसात आला.

आमच्या वाट्याला माणसंही अशीच यायची. टेलिफोनची केबल तुटली आणि अर्धा विभाग मुका झाला, तेव्हा एक गृहस्थ फोनचा डबा वायरसकट बगलेत मारून साईटवर आले. "मला मुलीशी बोलायचंय. तुम्ही तोडलंत, तुम्हीच इथे जोडून द्या," म्हणाले. त्यांना चहा दिला, समजावलं. दुसऱ्या दिवशी परत आले, डबा होताच. केबल जुळेपर्यंत ते रोज येत राहिले आणि शेवटी शेवटी आम्हाला त्यांची इतकी सवय झाली की फोन चालू झाल्यावर चुकल्यासारखं वाटलं.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण मला सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही आणि तिथे पोचायला जरा वेळ लागतो आहे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे ठेक्याची नवी पद्धत आली. आधी सरकारी खातं रस्त्याचा आराखडा करायचं आणि ठेकेदार बांधायचा. आता आराखडाही ठेकेदारानेच करायचा आणि बांधायचाही त्यानेच. कागदावर फार छान. प्रत्यक्षात व्हायचं असं की आराखडा सकाळी तयार व्हायचा आणि दुपारी मशीन येऊन उभं राहायचं. पूर्वी मला लाईनी हलवायला वर्षभर तरी मिळायचं. आता मी पुढे पळतोय आणि मागून रस्ता येतोय, अशी गत झाली. मी ठेकेदार कंपनीचा नोकर. माझे वरिष्ठ रेड्डी, मुंबईबाहेरून आलेले, कामाला वाघ, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदी. त्यांचं एकच वाक्य असायचं, "सावंत, मेरे को रोड दिखाओ, पाईप मत दिखाओ."

बाळकुमच्या पुढे खाडीच्या अंगाला एका रस्त्याचं काम आमच्याकडे होतं. या रस्त्यालगत कोळ्यांचा एक पाडा होता. बाजूला खाडी, मध्ये मासळी सुकवायचं मोकळं मैदान आणि मैदानाच्या कडेने घरं. पाड्याच्या वतीने एकच माणूस बोलायचं, ती म्हणजे चांगुणाबाय. ठाण्याच्या बाजारात मासळी विकणारी, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघेल. पाड्याचा पाटील धाकूशेट तिच्या मोठ्या दिराच्या नात्यातला, पण तिने मान हलवल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. आम्ही खड्डे घ्यायला सुरुवात केली तेव्हा तीच पहिली भांडायला आली आणि भांडण संपल्यावर तिनेच पाणी आणून दिलं. तांब्यातलं ते पाणी प्यायलो आणि मी चपापलो. खाडीच्या काठावर इतकं गोड पाणी येतं कुठून?

"हिरीचा हाय," ती म्हणाली.

मी पाड्यावरची विहीर पाहिली होती. त्या विहिरीच्या पाण्यात भात शिजवला तर मीठ टाकायची गरज पडली नसती. 

दोन दिवसांनी उत्तर खड्ड्यात सापडलं. मोठ्या पाण्याच्या लाईनला, म्हणजे शहराला पाणी नेणाऱ्या जाडजूड पाईपला, मनगटाएवढी एक लाईन जोडलेली आणि ती सरळ पाड्याकडे गेलेली. मोठ्या लाईनला मध्येच छिद्र पाडून कुणाला जोडणी द्यायची नाही, हा पाणी खात्याचा पहिला नियम. इथे तर जोडणी होती आणि तीही चोरट्या माणसाने केलेली नव्हती. जोड पक्का, व्यवस्थित, छोटा व्हॉल्व्ह बसवलेला, त्यावर विटांची चौकट. खात्याच्या मिस्त्रीशिवाय असं काम कुणी करत नाही.

आमच्या रस्त्याचा नवा भराव नेमका या लाईनवर येणार होता. हलवली तर वाचणार, नाही तर तुटणार.

संयुक्त पाहणीच्या दिवशी पाणी खात्याचे उपअभियंता शिंत्रे आले. या माणसाबद्दल मला आदर आहे हे आधीच सांगतो. त्या पिढीत चांगले अधिकारी नव्हते असं जे म्हणतात, त्यांनी शिंत्र्यांना पाहिलं नव्हतं. मी लाईनवर हात ठेवला. लाईन गार होती, पाईपला घाम सुटला होता, आतून पाणी वाहताना जी बारीक थरथर लागते ती तळव्याला लागत होती. मी वर बघितलं आणि विचारलं, "ही लाईन कुणाची?"

शिंत्रे म्हणाले, "आमच्या नकाशात नाही." मग त्यांनी पाड्यातल्या लोकांकडे बघितलं. सगळे जमले होते. "तुमची आहे का?"

धाकूशेटने चांगुणाबायकडे पाहिलं. चांगुणाबाय म्हणाली, "आमची नाय. आमी हिरीचा पानी पितांव."

मागे उभ्या असलेल्या एका पोरीच्या कमरेवर भरलेली कळशी होती. शिंत्र्यांनीही ती पाहिली.

फुली मारायची वेळ आली तेव्हा मी चुन्याचा डबा उघडायला उगाच उशीर लावला. शिंत्रे मला बाजूला घेऊन गेले. "सावंत, मला आंधळा समजू नका. हे पाड्याचंच पाणी आहे. पण मी लिहू काय? नवी जोडणी मोठ्या लाईनवरून द्यायचा अधिकार माझ्या बापालाही नाही. गावातली लाईन इथून इतकी लांब आहे की ती इथे कधी येईल ते देव जाणे. फक्त एकच वाट आहे. जुनी जोडणी असेल तर ती मला हलवता येते. त्यासाठी कुणीतरी एकाने सांगायला हवं की ही आमची आहे, आम्हाला अमक्याने दिली. तोंडी सांगितलं तरी मी लिहून घेईन. 'स्थानिक वापराची जुनी लाईन' असं लिहीन. पण एक माणूस तरी बोलू दे."

मी फुली मारली नाही. चुन्याचा डबा सांडला असं सांगितलं आणि वेळ मागून घेतली. रेड्डी चिडले. मी ती लाईन आमच्या आराखड्यात 'चालू' म्हणून दाखवली होती, त्यांनी पेन्सिलने खोडली आणि म्हणाले, "मालिक कौन? मालिक लाओ, मैं सोने की पाईप डालूँगा." ते खोटं बोलत नव्हते. मालक मिळाला असता तर त्यांनी एका दिवसात लाईन हलवून दिली असती. मशीन पाड्यापाशी पोचायला फार दिवस उरले नव्हते, एवढंच.

मी पाड्यावर गेलो. चांगुणाबाय मैदानावर बोंबील वाळत घालत होती. मी म्हटलं, "चांगुणाबाय, अहो एकदा हो म्हणा. कुणी काही करणार नाही. साहेब स्वतः म्हणतायत."

"आमची असंल तं हो बोलू ना. आमची नाय."

"मग तोडू?"

ती थांबली. हातातला बोंबील तसाच हातात. "तुमचा काम तुमी करा सायेब," ती म्हणाली, पण आवाज बाजारातला नव्हता.

मी रोज जात राहिलो. माझी बायको म्हणाली, एवढं तर तू माझ्या माहेरी कधी गेला नाहीस. शेवटी धाकूशेटलाच राहवलं नाही. तो म्हणाला, "आमाला बोलायचा नाय, सायेब. देवीला नारल फोडलाय. ज्याने पानी पाजला त्याचा नाव घेयाचा नाय, आन लाईन आमची बोलायची नाय. पाड्याने सबूद दिलाय."

नाव तेवढं गाळून बाकीचं त्याने तुटक तुटक सांगितलं, तेही शिंत्र्यांपुढे बोलणार नाही या बोलीवर. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती मोठी लाईन पाड्याच्या मिठागराच्या जमिनीतून गेली होती. पाड्याने मनात आणलं असतं तर काम अडवता आलं असतं. अडवलं नाही. त्या बदल्यात कुणा साहेबाने नियम बाजूला ठेवून त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, माझं नाव घेऊ नका, माझी नोकरी जाईल. साध्या माणसाने हे ऐकलं असतं आणि विसरलाही असता. या लोकांनी देवीसमोर शपथ घेतली. शहरातली माणसं फायद्यासाठी "माझी नाही" म्हणतात हे मी रोज पाहत होतो. एका परक्या माणसाची नोकरी वाचवायला आपलं पाणी "माझं नाही" म्हणणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यांना वाचवायचं कसं ते मला समजत नव्हतं.

मी शिंत्र्यांना विचारलं, मोठी लाईन टाकली तेव्हा इथे कोण होतं? ते जरा आठवून म्हणाले, "दामले. कडक माणूस. आमच्या खात्यात नियमांचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव सांगतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डोंबिवलीला असतात." आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. "दामल्यांनी? छे. शक्य नाही हो."

मी पाड्यावर गेलो आणि चांगुणाबायला फक्त एवढंच विचारलं, "दामले साहेब?"

तिने पदर ओढून तोंड फिरवलं.  मग खालच्या आवाजात म्हणाली, "बरं हाय ना त्यांचा? जिवंत हाईत ना?"

मी म्हटलं, "जिवंत आहेत. निवृत्त झालेत. आता त्यांची नोकरी जायचा प्रश्नच नाही. तुम्ही खुशाल बोला."

धाकूशेट लगेच म्हणाला, "नोकरी नाय, पन पेन्शन हाय ना?"  चांगुणाबायने निवाडा केला. "सबूद त्यांना दिलाय. ते बोलले सोडला, तं सुटला. ते हा बोलले का आमी पन हा बोलू."

डोंबिवलीला मी रविवारी गेलो. दामले पहिल्या मजल्यावर राहत. पांढरा शुभ्र सदरा, सरळ कणा, दारातच चपला एका रेषेत लावलेल्या. चांगला चहा मिळाला. त्यांच्या खात्याच्या गप्पा निघाल्या, जुन्या लाईनींच्या, कुठल्या पाईपला कुठे किती दाब होता तेही त्यांना आठवत होतं. मग मी पाड्याचं सांगितलं. लाईन तुटणार आहे हे सांगितलं. म्हटलं, "तुम्हाला कागदावर काही करायचं नाही. फक्त त्या लोकांना सांगा की बोलायला हरकत नाही. नाही तर मला सांगा, मी निरोप देतो."

दामल्यांनी कप बशीत ठेवला. "मी अशी कुठलीही जोडणी दिलेली नाही."

"साहेब, जोडावर खात्याचं काम दिसतं..."

"मिस्त्री लोक परस्पर करत असत. तेव्हाही मी त्यांच्यावर कारवाई केलेली आहे. माझ्या सबंध नोकरीत नियमाबाहेर एक वायसरसुद्धा गेला नाही. कुणालाही विचारा."

"विचारलं," मी म्हटलं. "सगळे तेच सांगतात."

त्यांची सून दारात येऊन उभी राहिली होती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मग झालं तर."

मला राग आला, हे लपवत नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमचं नाव वाचवायला तो पाडा आपलं पाणी सोडायला तयार झालाय."  त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी उठलो, चपला घातल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो तेव्हा ते दारापर्यंत आले. हळूच म्हणाले, "पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचतं का हो? तिथे उतार उलटा होता."

मी म्हटलं, "आजपर्यंत तरी पोचतंय."

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर मी त्या माणसाला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. त्याला नाव प्यारं होतं म्हणायचं, तर उतार का आठवत होता? आठवत होता तर तोंड का उघडत नव्हतं? आजही मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही आणि शोधायचा कंटाळा आला आहे.

सोमवारी सकाळी पाडा माझी वाट बघत होता. बायका मैदानावर बसलेल्या, पुरुष मागे उभे. कुणी खाडीत गेलेलं नव्हतं. चांगुणाबायने मला बसायला पाट दिला. मी येताना ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. माझा हिशेब साधा होता. ज्याच्यासाठी तुम्ही तोंड शिवून बसलात तो तुम्हाला ओळखही देत नाही, हे कळलं की हे लोक भडकतील. भडकले की बोलतील. बोलले की लाईन वाचेल. त्यांचं मन दुखावलं तरी चालेल, पाणी राहू दे.

म्हणून मी एकही शब्द गाळला नाही. "दामले साहेब म्हणाले, मी अशी कुठलीही जोडणी दिलेली नाही. मिस्त्रीने परस्पर दिली असेल म्हणाले. चांगुणाबाय, त्यांनी तुम्हाला ओळखसुद्धा दाखवली नाही."

 मग चांगुणाबायचा चेहरा उजळत गेला. मी खरं सांगतो, तिला आनंद झाला होता. ती मागे वळून म्हणाली, "आयकला? आयकला का रे? सायबाने पन सबूद पालला. एवरी वर्सं झाली, म्हातारा झाला, दारात मानूस गेला तरी तोंड नाय उघडला!"

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. धाकूशेटने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मी घाबरलो. म्हटलं, "अहो, तसं नाही. त्यांनी शब्द पाळला नाही, ते सरळ खोटं बोलले. त्यांना काय पडलंय तुमचं?"

"पडली नसंल तं काय बोलले तुमी निगताना?" चांगुणाबायने विचारलं. बाजारात बसून माणसं वाचायची तिची सवय. "कायतरी बोललेच असतील."

मला त्या वेळी गप्प बसायचं सुचायला हवं होतं की नाही, कुणास ठाऊक. मला वाटलं, हेच सांगितलं तर त्यांना पटेल की साहेबांना सगळं आठवतंय आणि तरी ते कबूल करत नाहीत. मी सांगितलं, "दारात विचारलं, पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचतं का. तिथे उतार उलटा होता म्हणाले."

शेवटच्या घरातली म्हातारी पुढेच बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला. चांगुणाबायचेही डोळे भरले. "अजून इचारतात," ती म्हणाली. "बगा, अजून इचारतात."

मी हात जोडले. नोकरीत मी फार कमी वेळा हात जोडलेत. म्हटलं, "आता तरी हो म्हणा. तुमच्या पोरांसाठी म्हणा. शिंत्रे साहेब थांबलेत, मशीन उद्या इथे येईल. फक्त दोन शब्द."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच काहीतरी अमंगळ मागत होतो. "सायेब, त्यांनी नाय सांगितला. आता आमी हा सांगितला, तं ते खोटे पडतील ना? या वयात?"

 मी पाटावर बसून राहिलो. मला इतकं हताश त्याआधी कधी वाटलं नव्हतं. नंतर वाटलं, पण ते सवयीने वाटायचं. इथे एकही माणूस वाईट वागत नव्हता, निदान त्याच्या स्वतःच्या लेखी तरी नाही. शिंत्रे वाट बघत होते, रेड्डी पाईप द्यायला तयार होते, पाड्याने शब्द पाळला होता आणि दामल्यांनीही पाळला होता असं पाडा म्हणत होता. आणि एवढ्या सगळ्या सज्जनांच्या मध्ये ती लाईन मरणार होती.

दुसऱ्या दिवशी शिंत्रे आले. त्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात, विनवणी केल्यासारखं. चांगुणाबायने पुन्हा तेच सांगितलं. शिंत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चुन्याचा डबा उघडला आणि फुली मारली.

व्हॉल्व्ह बंद करायला गेलो तर तो गंजून जागेवर बसला होता, फिरेना. तो काही पाणी खात्याच्या कागदावर नव्हताच, त्यामुळे इतक्या वर्षांत कुणी फिरवलाही नव्हता. शिंत्रे मोठ्या लाईनवर शटडाऊन घेण्यासाठी निघून गेले. रेड्डींना थांबायचं नव्हतं. मशीनवाल्याने खणायची लोखंडी बादली खाली घातली आणि पाईप मधोमध तुटला.

पाणी उंच उडालं, मग त्याचा जोर कमी झाला आणि ते खड्ड्यात भरायला लागलं. स्वच्छ, गोड पाणी. आमच्या कामगारांनी डबे आणले, तोंडं धुतली, पोटभर प्यायले. रस्त्याने जाणारा एक टेम्पोवाला थांबून कॅन भरून घेऊन गेला. मी पाड्याकडे बघत होतो. घरं हाकेच्या अंतरावर, दारात सगळ्यांची कळशी-भांडी मांडलेली. सगळा पाडा दारात उभा होता, पोरंसुद्धा, आणि पाण्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू जात असणार.

मी चांगुणाबायला हातानेच खूण केली, या, भरून घ्या.

तिने मान हलवली, नाही. पाणी भरायला आले असते तर लाईन त्यांची ठरली असती. शटडाऊन होऊन धार थांबेपर्यंत पाणी खड्ड्यात साचत राहिलं, खड्डा भरला आणि ओहोळ मैदानावरून खाडीकडे निघाला. पाड्यावरून एकही हंडा आला नाही.